डॉक्टरसाहेब, कमरेखालचंही विचारत जा : एका मेडिकलवाल्याचं फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सगळ्या फॅमिली डॉक्टरांना, साहेबांना आणि मॅडमना, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो, २२ वर्षं झाली. तुमच्या चिठ्ठ्या रोज वाचतो, अक्षर आता पाठ झालंय. कोविडनंतर पुरुषांना कमरेखाली जे त्रास होतात, लघवीचे आणि नवराबायकोच्या संबंधांचे, त्याबद्दल हे पत्र आहे. कोविडला येऊन इतकी वर्षं झाली आणि आता हा कशाला लिहितोय असं वाटेल तुम्हाला, पण जे मी काउंटरवर रोज बघतो ते तुमच्या केबिनपर्यंत पोचतच नाही याची माझी खात्री झालीय, म्हणून लिहितोय.

रात्री साडेनऊच्या पुढे, मी शटर अर्धं ओढायला लागलो की एखादा माणूस येतो. तिशीतला, चाळिशीतला, कधी पन्नाशीचा. गाडी लांब लावतो. दुकानात कोणी बाई असेल तर ती जाईपर्यंत खोकल्याच्या औषधांकडे बघत उभा राहतो. मग आधी ओआरएसचं पाकीट मागतो किंवा क्रोसिन, आणि पैसे काढता काढता हळूच म्हणतो, भाऊ, ती पॉवरची गोळी असते ना. कुणाच्या नावावर हवी विचारलं तर मित्रासाठी. आणि थोडं बोलतं केलं, पाणी दिलं, स्टूल पुढे केलं की मग खरं येतं बाहेर, कोविड झाला होता तेव्हापासून नीट होत नाही, किंवा लघवीला सारखं जावं लागतं, किंवा दोन वर्षं झाली लग्नाला आणि पाळणा हलत नाही. डॉक्टरांना सांगितलं का? नाही. का नाही? त्यांनी विचारलंच नाही.

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय सांगू शकत नाही. त्यांनी विचारलंच नाही.

मी स्वतःही त्यातलाच. एप्रिल २०२१, दुसरी लाट, बेड मिळत नव्हता ते दिवस तुम्हीपण विसरला नसाल. माझा एचआरसीटी, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोर ११ आला, आठ दिवस ऑक्सिजनवर होतो, स्टेरॉइड चालू होते, शुगर ३४० पर्यंत गेली जी त्याआधी कधीच नव्हती. घरी आलो, श्वास सुधारला, वास यायला लागला, सगळे म्हणाले वाचलास बाबा. पण रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचो आणि गेलं की थोडीशीच व्हायची, पाठोपाठ परत घाई. आणि डाव्या बाजूच्या वृषणात, म्हणजे गोटीत, एक दबकं दुखणं, मोटारसायकलवर बसलं की कळायचं. फॉलोअपला गेलो तेव्हा दम लागतो का, छाती दुखते का, झोप लागते का, सगळं विचारलं, शुगर बघितली. बायको शेजारच्या खुर्चीत बसलेली. मी म्हणालो, बाकी सगळं ठीक. औषधाच्या धंद्यातला माणूस मी, रोज दहा जणांना समजावून सांगणारा, आणि स्वतःच्या वेळेला तोंडातून शब्द फुटला नाही. दोन महिने तसेच काढले. शेवटी आमचे जुने फॅमिली डॉक्टर दुकानावरून जाताना थांबले आणि सहज बोलून गेले, शुगर वाढली होती ना तुझी, मग लघवीचं कसं काय, रात्री उठतोस का? एवढंच. त्या एका प्रश्नावर मी सगळं सांगून टाकलं, तिथेच फुटपाथवर उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवशी लघवी तपासली, सोनोग्राफी झाली, वृषणाच्या मागची जी नळी असते, एपिडिडायमिस, तिला सूज निघाली. औषधं झाली, शुगर आटोक्यात आली, तीन-चार महिन्यांत बरा झालो. माझी सूज कोविडनेच आली होती का हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही आणि मीही तसं म्हणत नाही. पण दोन महिने मी मनात कॅन्सरपासून सगळं आणून बसलो होतो ते कोणी विचारलं असतं तर टळलं असतं.

आता तुम्ही डॉक्टर, तुम्हाला शरीरशास्त्र मी शिकवणार नाही. पण हे पत्र पेशंट लोकही वाचतील म्हणून जे माहितीये ते सरळ लिहितो. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या दारातून, आणि ते दार काही फक्त फुफ्फुसात नाही. मूत्रपिंडात आहे, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहे, वृषणात तर चांगलंच आहे, शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशींना पोसणाऱ्या सर्टोली पेशी आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी, दोन्हींवर. दार उघडायला मदत करणारं दुसरं एक प्रथिन आहे, टीएमपीआरएसएस-२, ते प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, भरपूर असतं. म्हणून २०२० मध्येच संशोधकांना शंका आली की हा आजार खालपर्यंत जात असणार. आणि विषाणूमुळे वृषणाला सूज येणं हे आपल्याला नवीन थोडंच आहे, गालगुंड झालं की वयात आलेल्या मुलांमध्ये साधारण १५ ते ३० टक्क्यांना वृषणाला सूज येते हे जुनंच आहे, आमच्या आजीला पण माहीत होतं, ती गालगुंड झालेल्या पोराला पळू द्यायची नाही.

पण कोरोना गालगुंडासारखा वागतो का, तर तितकं सरळ नाही. चीनमध्ये हेनान प्रांतात २०२० साली ३८ रुग्णांचं वीर्य तपासलं, ६ जणांच्यात विषाणूचा अंश सापडला, आणि जगभर बातमी झाली. नंतर इतर ठिकाणी तपासलं तर बहुतेकांना काहीच सापडलं नाही, पाटण्याच्या एम्समधल्या अभ्यासात ३० पुरुष होते, एकाच्याही वीर्यात विषाणू निघाला नाही. वुहानमध्ये कोविडने गेलेल्या १२ जणांच्या वृषणांची तपासणी झाली, तिथेही विषाणू जवळजवळ नव्हता, पण पेशींना इजा झालेली होती, लायडिग पेशी कमी झालेल्या होत्या. म्हणजे विषाणू स्वतः तिथे जाऊन बसला नाही तरी सूज, ताप, रक्ताच्या गुठळ्या, ऑक्सिजन कमी पडणं या सगळ्याचा फटका बसतोच.

त्यातला ताप ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण ती कोणालाही समजते. वृषणं शरीराबाहेर लोंबती का ठेवलीयत निसर्गाने, तर त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. आता सात दिवस १०२-१०३ ताप चढलेला माणूस, त्याचा माल पुढचे अडीच-तीन महिने मार खाणारच, मग तो ताप कोविडचा असो, डेंग्यूचा असो नाहीतर टायफॉइडचा. बेल्जियममध्ये १२० पुरुषांचा अभ्यास झाला, कोविड होऊन महिना व्हायच्या आत तपासले त्यांच्यात ६० टक्क्यांची शुक्रजंतूंची हालचाल कमी होती, एक ते दोन महिन्यांत ३७ टक्के, आणि दोन महिन्यांनंतर २८ टक्के. काऊंट, म्हणजे शुक्रजंतूंची संख्या, महिन्याच्या आत ३७ टक्के लोकांची कमी होती, दोन महिन्यांनंतर ६ टक्केच लोकांची. पाटण्याच्या त्या ३० जणांचं ७४ दिवसांनी परत तपासलं तर सुधारणा होती, पण पूर्ण जागेवर आलेलं नव्हतं. म्हणजे बहुतेकांचं भरून येतं, काहींना वेळ लागतो. आपल्या मुंबईतही काम झालंय, आयआयटी पवई आणि जसलोकच्या लोकांनी मिळून २०२२ मध्ये बरे झालेले १७ आणि निरोगी १० पुरुष घेऊन वीर्यातली प्रथिनं तपासली, तर प्रजननाशी संबंधित काही प्रथिनं बदललेली दिसली, सेमेनोजेलिन नावाचं एक आहे ते निम्म्याहून कमी होतं. छोटा अभ्यास आहे, त्यावरून घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करायचंही नाही.

हे ७४ दिवस मी इतकं सांगतोय कारण माझ्याच काउंटरवर एक पोरगा आला होता, २९ वर्षांचा, लग्नाला वर्ष झालेलं, घरचे मागे लागलेले. कोविड होऊन जेमतेम महिना झालेला आणि कोणीतरी त्याची वीर्य तपासणी केली, काऊंट कमी आला. त्याला कोणी सांगितलं नाही की थांब, तीन महिन्यांनी परत करू. महागड्या पावडरची पाकिटं लिहून दिलेली, महिन्याला चार हजारांची, आणि तो पोरगा रिपोर्ट घडी करून पाकिटात घेऊन फिरत होता, आधार कार्डाच्या मागे ठेवलेला, घडीवर कागद फाटायला आलेला. मी त्याला म्हटलं पावडर नको नेऊस आत्ता, तारीख बघ रिपोर्टची, तापाची तारीख बघ. तीन महिन्यांनी परत केला, नॉर्मल. त्या तीन महिन्यांत त्या पोराने बायकोला माहेरी पाठवून दिलं होतं, डॉक्टरसाहेब. स्वतःमध्ये दोष आहे असं मनाशी धरून.

आणि याच्या उलटं तर रोजचं आहे. बाईच्या तपासण्या दीड-दीड वर्षं, सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, इंजेक्शनं, देवाला नवस, आणि नवऱ्याची साधी वीर्य तपासणी केलेली नसते. का, तर तो तयार नसतो आणि त्याला कोणी ठामपणे सांगत नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये डबी हातात देतात आणि सगळ्यांच्या वापरातल्या संडासाकडे बोट दाखवतात, बाहेर चार माणसं रांगेत उभी, कसा देणार तो सॅम्पल? निदान एक खोली, आतून कडी, एवढं तुम्ही तुमच्या ओळखीच्या लॅबवाल्याला सांगितलंत तरी फरक पडेल, तुमचं ते ऐकतात.

लिंगाच्या ताठरतेचं सांगतो. इटलीत १०० पुरुषांची ऑनलाइन पाहणी झाली, कोविड होऊन गेलेल्यांत २८ टक्क्यांना त्रास होता, न झालेल्यांत ९ टक्क्यांना. मायामीच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ज्या दोघांचं लिंगावरचं ऑपरेशन होतं त्यांच्या ऊतीत संसर्गाला सहा महिन्यांहून जास्त होऊन गेल्यावरही विषाणूचे कण पाहिले. दोनच माणसं, तेही आधीच गंभीर त्रासाची, त्यावरून सगळ्यांचं अनुमान काढता येत नाही. पण एक गोष्ट पक्की आहे, हा आजार रक्तवाहिन्यांच्या अस्तराला दुखावतो, आणि लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयापेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड आधी तिथे दिसतो. जो माणूस माझ्याकडे रात्री निळी गोळी मागायला येतो तो खरं तर हार्टची, शुगरची, बीपीची पहिली घंटा घेऊन आलेला असतो आणि ती ऐकायला तिथे फक्त मी असतो, एक औषध विकणारा.

आणि आम्ही काय करतो? इथे आमच्या लोकांचीही चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. सिल्डेनाफिल, म्हणजे ती निळी गोळी, शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, पाकिटावर तसं छापलेलं आहे, पण बऱ्याच दुकानांत सुटी गोळी कागदाच्या पुडीत मिळते. ज्याच्या खिशात सॉर्बिट्रेट, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, आहे त्याने ही निळी गोळी घेतली तर बीपी एकदम कोसळून माणूस जाऊ शकतो. मागच्या दिवाळीच्या आधी एक गृहस्थ आले, पंचावन्नचे असतील, शंभर मिलिग्रॅमची निळी गोळी मागितली, मी विचारलं बाकी काय चालू आहे, म्हणाले काही नाही. निघताना म्हणाले, हां, जिभेखालची ती आहे ना, ती पण दहा द्या. माझ्या हाताला घाम फुटला. काउंटरच्या आतून बाहेर आलो, हात धरून बसवलं त्यांना. कोविडनंतर छातीत भरून येतं म्हणून ती जिभेखालची गोळी कोणीतरी दिलेली, आणि ती देताना घरातलं बाकी कसं चाललंय हे विचारलेलं नव्हतं. विचारलं असतं तर ते निदान म्हणाले असते की तिकडंही त्रास आहे, आणि तुम्ही सांगितलं असतंत की त्या दोन गोळ्यांची गाठ पडू द्यायची नाही.

लघवीचंही तसंच. डेट्रॉइटच्या डॉक्टरांनी २०२० मध्येच लिहिलंय की कोविडनंतर काही जणांना सारखी लघवी, रात्री उठणं सुरू होतं आणि लघवीत जंतू सापडत नाहीत, सुजेचे पदार्थ सापडतात. पण आमच्याकडे काय होतं, लघवीला जळजळ किंवा घाई म्हटलं की अँटिबायोटिक, पाच दिवस, परत पाच दिवस, तिसऱ्यांदा बदलून पाच दिवस, आणि युरिन कल्चर, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ती तपासणी, एकदाही नाही. मी चिठ्ठ्या बघतो ना. पन्नाशीच्या वरचा असेल तर प्रोस्टेट असू शकतं, स्टेरॉइडने वाढलेली शुगर तशीच राहिलेली असू शकते. आणि सगळं कोविडवर टाकायचीही सवय लागलीय लोकांना, ती पण वाईट. मागे एक आई सोळा वर्षांच्या मुलासाठी पेनकिलर मागायला आली, एका बाजूच्या गोटीत अचानक जोरात दुखतंय म्हणे, उलटी पण झाली, कोविडचं असेल का? मी म्हटलं ताई, रिक्षा करा आणि आत्ता सर्जनकडे जा, पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. पीळच होता. वेळेत गेला, वाचलं.

आता लशीचं. हे मला फार लागतं म्हणून लिहितो. लस सुरू व्हायच्या आधीच नपुंसकत्व येतं अशी अफवा उठली होती, जानेवारी २०२१ मध्ये औषध महानियंत्रकांनी स्वतः ती साफ खोटी म्हणून सांगितलं. पल्स पोलिओच्या वेळी पण हेच बोलायचे, त्याच शब्दांत. मायामीत ४५ जणांचं वीर्य लस घ्यायच्या आधी आणि दोन डोसनंतर तपासलं, काही कमी झालेलं नव्हतं. बोस्टनच्या लोकांनी मूल हवं असलेल्या २,१२६ बायका आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचे नवरे घेऊन पाहिलं, लशीने गर्भ राहायच्या शक्यतेवर परिणाम नाही, उलट नवऱ्याला मागच्या ६० दिवसांत कोविड झाला असेल तर शक्यता थोडी कमी झाली आणि पुढे ती परत आली. अमेरिकेतल्या लशी वेगळ्या होत्या हे मला माहितीये, पण मुद्दा कळतो ना, जे करतोय ते आजार करतोय. आजही माझ्याकडे येणारा दुसरा-तिसरा माणूस म्हणतो लशीमुळे झालं. त्याला हे मी सांगून पटत नाही, मी दुकानदार. तुम्ही सांगितलं तर पटेल, पण तुम्ही सांगायला त्याने आधी तुम्हाला त्रास सांगायला हवा, आणि तो सांगणार नाही. गाडी फिरून फिरून तिथेच येते.

डिस्चार्जनंतरच्या सल्ल्याच्या कागदावर योगा होता, गरम पाणी होतं, च्यवनप्राश होतं. कमरेखाली काही झालं तर कोणाला सांगायचं याची एक ओळ माझ्या कागदावर नव्हती. गावात आशाताई येतात, बाया त्यांच्याशी बोलतात, पाळी, बाळंतपण, सगळं. पुरुषाने कोणाशी बोलायचं? तो मग भिंतीवरच्या जाहिरातीतल्या नंबरला फोन करतो, गुप्तरोग, मर्दानी ताकद, लॉजवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटा, आणि वीस-तीस हजार घालवून येतो. माझ्या ओळखीच्या एकाने सोसायटीचं कर्ज काढलं त्यासाठी, म्हैस घ्यायची म्हणून.

म्हणून डॉक्टरसाहेब, विनंती एकच आहे. विचारत जा. बीपी बघता बघता, मान खाली घालून केस पेपर लिहिता लिहिता विचारलंत तरी चालेल, त्याला तेवढं सोपं जातं, डोळ्याला डोळा नसला की. रात्री लघवीला किती वेळा उठता? धार नीट आहे? गोट्यांत दुखतं का? घरी सगळं व्यवस्थित चाललंय ना, नवराबायकोचं? असं विचारा. ताठरता न येण्याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हटलंत तर तो हो पण म्हणणार नाही आणि नाही पण, कारण त्याला कळलेलंच नसतं. वृषण पण कळत नाही बऱ्याच जणांना. बायको किंवा आई बरोबर असेल तर वजन बघायच्या निमित्ताने दोन मिनिटं एकट्याला आत घ्या. मॅडम लोकांना सांगतो, तुम्हाला वाटतं तो तुमच्यासमोर लाजेल, लाजतो हो, पण तुम्ही सरळ विचारलंत तर सांगतो, आमच्या इथल्या मॅडमनी सुरू केलंय आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आता शुगरच्या, थायरॉइडच्या, पीएसएच्या (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) तपासण्या सांगितलेल्या चिठ्ठ्या येतात, निळ्या गोळीच्या आधी. आणि कोणाची वीर्य तपासणी सांगाल तेव्हा मागच्या तीन महिन्यांत ताप आला होता का एवढं केस पेपरवर लिहा, म्हणजे पुढचा डॉक्टर रिपोर्ट वाचताना चुकणार नाही.

माझ्या बाजूने मी एवढं ठरवलंय, सुटी गोळी देत नाही. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. जो येतो त्याला स्टुलावर बसवतो, पाणी देतो आणि तुमच्याकडे पाठवतो, दुपारी दोननंतर, तेव्हा ओपीडीत गर्दी नसते. तो तुमच्यासमोर बसेल आणि म्हणेल अशक्तपणा वाटतो, नाहीतर चक्कर येते, नाहीतर पाठ दुखते. त्याच्या हातात माझ्या दुकानाच्या बिलाचा एक कोरा कागद असेल आणि त्यावर एवढंच लिहिलेलं असेल : याला एकट्याला भेटा.

आपला,
एक मेडिकलवाला